षष्ठीचा एक प्रत्यय आणि इंग्रजीच्या अनेक वाटा

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या जिल्हा न्यायालयापुढे २०२१ साली अब्रुनुकसानीचा एक दावा आला. घरांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायातील एका गृहस्थाने फेसबुकवर आपल्या पूर्वीच्या मालकावर जाहीर आरोप केला होता. कोट्यवधींची घरे विकणारा हा माणूस कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीची रक्कम मात्र देत नाही, असा त्याचा आशय होता. काही तासांतच तो मजकूर काढून टाकण्यात आला, पण दावा उभा राहिला. लिहिणाऱ्याचे म्हणणे असे, की आपल्याला एकाच कर्मचाऱ्याविषयी, म्हणजे स्वतःविषयी बोलायचे होते. अडचण अशी, की ‘एम्प्लॉईज’ हा शब्द लिहिताना त्याने शेवटच्या ‘एस’ या अक्षरापूर्वी अपॉस्ट्रॉफी दिलाच नव्हता. त्यामुळे तो शब्द अनेकवचनी वाचला जाऊ शकत होता. एका कर्मचाऱ्याचे पैसे थकणे वेगळे आणि सर्वच कर्मचाऱ्यांचे पैसे बुडवणे वेगळे. दुसऱ्यात हेतुपुरस्सर गैरव्यवहाराचा वास येतो. न्यायालयाने दावा प्रारंभीच फेटाळण्यास नकार दिला.

मराठीत हा प्रसंग ओढवला नसता. ‘कर्मचाऱ्याचे’ आणि ‘कर्मचाऱ्यांचे’ यांतील भेद एक अनुस्वार सांगून जातो. जे काम मराठीत अक्षरावरचा एक बिंदू करतो, तेच काम इंग्रजीत ओळीच्या वर लोंबणारे एक चिन्ह करते, आणि दोन्ही ठिकाणी ते वगळले की अर्थ बदलतो.

तथापि इंग्रजीतील मालकीचा प्रश्न या एका चिन्हापुरता नाही. शालेय व्याकरणात ‘चा-ची-चे’ म्हणजे षष्ठी आणि षष्ठी म्हणजे ‘ऑफ’ किंवा अपॉस्ट्रॉफीसह ‘एस’, असे समीकरण पाठ करून घेतले जाते. हे समीकरण अपुरे आहे. मराठीचा षष्ठीचा प्रत्यय अतिशय उदार आहे. मालकी, नाते, घटक, द्रव्य, काळ, कारण, प्रयोजन असे कितीतरी संबंध तो एकटा पेलतो. इंग्रजी हे संबंध वेगवेगळ्या रचनांत वाटून देते. उलट, इंग्रजीचे ‘हॅव’ हे एकच क्रियापद जे सांगते, त्यासाठी मराठी पाच-सहा निरनिराळ्या रचना वापरते. मराठी भाषकाच्या इंग्रजीतील बऱ्याच चुका या दोन विषम वाटण्यांच्या सांध्यावर होतात.

चिन्हाची कुळकथा

प्राचीन इंग्रजीत संस्कृतप्रमाणेच नामांना विभक्तिप्रत्यय लागत. अनेक पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामांच्या षष्ठी एकवचनाचा प्रत्यय ‘एस्’ असा स्वरासह उच्चारला जाई. पुढे इतर प्रत्यय झिजून गेले आणि हा एक प्रत्यय जवळजवळ सर्व नामांना लागू झाला. कालांतराने त्यातील स्वरही बहुतेक शब्दांतून लुप्त झाला. सोळाव्या शतकात फ्रेंच मुद्रणपरंपरेतून इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी आला, तो गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून. मराठीत त्याला लोपचिन्ह म्हणतात, ते सार्थच आहे. सतराव्या शतकात एकवचनी षष्ठीत ते रूढ होत गेले. अनेकवचनात ‘एस’नंतर ते देण्याची पद्धत त्याहून नवी, अठराव्या शतकातली आहे.

मधल्या काळात एक मौजेची रचना प्रचारात होती. षष्ठीचा ‘एस’ म्हणजे ‘हिज’ या शब्दाचेच संक्षिप्त रूप असावे, असा समज पसरला आणि लोक ‘जॉन हिज बुक’ असे लिहू लागले. बेन जॉन्सन या नाटककाराच्या १६०५ मध्ये छापलेल्या शोकांतिकेचे नावच ‘सेजॅनस हिज फॉल’ असे आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा समज चुकीचा होता. मराठी वाचकाला मात्र ती रचना परकी वाटू नये. ‘श्री. अमुक यांचे निवासस्थान’ किंवा ‘राम आणि सीता यांचा विवाह’ असे लिहिताना मराठी नेमके हेच करते. नाम अबाधित ठेवते आणि प्रत्ययाचा भार सर्वनामावर टाकते.

आजचा नियम मोजक्या शब्दांत सांगता येतो. मालक एक असेल तर चिन्ह ‘एस’च्या आधी, मालक अनेक असतील आणि अनेकवचन ‘एस’ने होत असेल तर चिन्ह ‘एस’च्या नंतर. ‘चिल्ड्रन’, ‘मेन’, ‘विमेन’ अशा अनेकवचनांत ‘एस’ नसल्यामुळे तेथे चिन्ह आधीच येते. एका मुलाचे पुस्तक, अनेक मुलांची पुस्तके आणि नुसते अनेक मुलगे या तिन्ही ठिकाणी कानावर ‘बॉईज’ हाच एक उच्चार पडतो. भेद केवळ डोळ्यांना दिसतो. म्हणूनच तो लिहिताना सर्वाधिक निसटतो.

सर्वनामे मात्र या नियमाबाहेर आहेत. ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ आणि ‘इट्स’ या संबंधदर्शक रूपांना अपॉस्ट्रॉफी लागत नाही. ‘इट्स’मध्ये तो दिला की त्याचा अर्थ ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असा होतो. ‘बँक आणि तिचे ग्राहक’ लिहिताना हे चिन्ह घुसवले, तर ‘बँक आणि ती आहे ग्राहक’ असे काहीसे निष्पन्न होते.

या चिन्हाबाबत इंग्रजांच्या स्वतःच्या घरातही एकवाक्यता नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गावर ‘अर्ल्स कोर्ट’ आणि ‘बॅरन्स कोर्ट’ ही लागोपाठची स्थानके आहेत. पहिल्याच्या नावात अपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्याच्या नाही. अमेरिकेत १८९० साली स्थापन झालेल्या भौगोलिक नामनिश्चिती मंडळाने स्थलनामांतून हे चिन्ह वगळण्याचे धोरण ठेवले आहे आणि अपवाद अगदी मोजक्या नावांपुरते केले आहेत. मॅसॅच्युसेट्समधील ‘मार्थाज व्हिन्यर्ड’ या बेटाला १९३३ मध्ये मिळालेली सवलत ही त्यांतली प्रसिद्ध होय. पाट्यांवरील नावात चिन्ह असो वा नसो, गाव बदलत नाही. वाक्यात मात्र मालकांची संख्या बदलते.

व्यक्तीला ‘एस’, वस्तूला ‘ऑफ’?

इंग्रजीत षष्ठी दोन प्रकारे व्यक्त होते. एक प्रत्ययाने, दुसरी ‘ऑफ’ने. ‘ऑफ’ची रचना मध्ययुगात बळावली आणि १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडवर पडलेल्या फ्रेंचच्या प्रभावाचा त्याला हातभार लागला. फ्रेंचमध्ये संबंध ‘द’ या शब्दाने, मालक मागे टाकून सांगतात. गोव्याला ही रचना पोर्तुगीजमुळे परिचित आहे. ‘इश्तादु द इंदिया’ या राजकीय नावातला किंवा ‘वास्को द गामा’ या नावातला ‘द’ हा इंग्रजी ‘ऑफ’चाच भाऊबंद होय.

सर्वसाधारण प्रघात असा, की माणूस व प्राणी यांना प्रत्यय लावावा आणि निर्जीव वस्तूंसाठी ‘ऑफ’ वापरावा. ‘माय फादर्स हाउस’ हे स्वाभाविक आहे, ‘द हाउस ऑफ माय फादर’ हे धर्मग्रंथातल्यासारखे जड वाटते. उलट, पानाचा खालचा भाग ‘द बॉटम ऑफ द पेज’ असाच सांगितला जातो. देश, शहरे आणि संस्था ही माणसांची वस्ती असल्यामुळे त्यांना दोन्ही रचना चालतात. काळाचा मान मात्र माणसासारखा आहे. आजचे वर्तमानपत्र म्हणजे ‘टुडेज पेपर’. दोन आठवड्यांची रजा म्हणजे ‘टू वीक्स लीव्ह’, आणि येथे ‘वीक्स’च्या ‘एस’नंतर अपॉस्ट्रॉफी हवा. रजेच्या अर्जांत सर्वाधिक वेळा गळणारे चिन्ह बहुधा हेच असेल.

प्रत्यय कोठे जोडायचा, यातही एक सूक्ष्म भेद आहे. ‘इंग्लंडच्या राजाचा मुकुट’ म्हणताना मराठी प्रत्येक नामाला त्याचा प्रत्यय देते. इंग्रजी मात्र ‘द किंग ऑफ इंग्लंड’ हा सगळा शब्दसमूह एक समजून प्रत्यय शेवटच्या ‘इंग्लंड’ला चिकटवते, मुकुट राजाचा असला तरी. याच न्यायाने दोघांचे मिळून एक घर असेल तर प्रत्यय केवळ दुसऱ्या नावाला लागतो. दोघांची घरे वेगवेगळी असतील तर दोन्ही नावांना लागतो. संयुक्त मालमत्तेविषयी लिहिताना हा भेद गौण राहत नाही.

षष्ठी आहे, पण मालकी नाही

मराठी भाषकाची खरी कसोटी पुढे लागते. ‘प्रश्नाचे उत्तर’ यात प्रश्न कशाचाही मालक नाही. उत्तर प्रश्नाकडे रोखलेले असते, म्हणून इंग्रजीत ‘आन्सर टू द क्वेश्चन’. त्याच नियमाने दाराची किल्ली ‘की टू द डोअर’ आणि समस्येचा उपाय ‘सोल्यूशन टू द प्रॉब्लेम’. या तिन्ही ठिकाणी मराठी मन सहजच ‘ऑफ’कडे झुकते आणि वाक्य मराठी वळणाचे होते. हजार रुपयांचा धनादेश ‘चेक फॉर’ असतो, कारण तो तेवढ्या रकमेसाठी आहे. कारण सांगतानाही शब्दागणिक फरक पडतो. ‘कॉज’ला ‘ऑफ’ लागतो, तर ‘रीझन’ला ‘फॉर’.

‘मडगावची बस’ हा शब्दप्रयोग याहून बोलका आहे. बसस्थानकावर त्याचा अर्थ संदर्भाने कळतो. ती मडगावहून आलेली असेल किंवा मडगावला जाणारी असेल. इंग्रजी ही मोकळीक देत नाही. तेथे ‘फ्रॉम’ किंवा ‘टू’ यांपैकी एकाची निवड बोलणाऱ्यालाच करावी लागते.

कित्येकदा इंग्रजी कोणताच प्रत्यय न लावता दोन नामे शेजारी ठेवते. सोन्याची अंगठी ‘गोल्ड रिंग’ होते, स्वयंपाकघराचे दार ‘किचन डोअर’ होते. संस्कृतातील षष्ठी तत्पुरुष ज्याला ठाऊक आहे, त्याला हे नवे नाही. ‘राजवाडा’ म्हणताना मराठीही ‘चा’ गाळतेच. ‘चहाचा कप’ मात्र जपून वापरावा. रिकामा कप असेल तर ‘टी कप’ आणि भरलेला असेल तर ‘कप ऑफ टी’. पाहुण्यापुढे यांपैकी कोणता ठेवला, यावर आतिथ्याची परीक्षा होते.

या सर्व उदाहरणांचा इत्यर्थ एकच. ‘चा-ची-चे’ दिसताच भाषांतर न करता, येथे संबंध कोणता आहे, हे आधी पाहावे. वस्तू कोणाच्या मालकीची, कशाची बनलेली, कशासाठी, कोठून, कोठे, किती रकमेची? उत्तर मिळाले की इंग्रजीची रचना बहुधा आपोआप सुचते.

‘हॅव’ आणि मराठीचा ‘असणे’

आता उलट दिशेचा प्रवास. मराठीत ‘हॅव’ला समांतर क्रियापद नाही. त्याचे काम ‘असणे’ करते आणि मालकाचे रूप संबंधाप्रमाणे बदलते. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे रक्ताचे नाते. ‘माझ्याकडे मोटार आहे’ ही देता-घेता येणारी वस्तू. ‘माझ्याजवळ पाचशे रुपये आहेत’ म्हणजे या क्षणी खिशात आहेत. ‘आमची शेती आहे’ ही वहिवाटीची, स्थिर मालमत्ता. ‘खोलीला दोन खिडक्या आहेत’ हा अवयव. ‘तिच्यात चिकाटी आहे’ हा अंगचा गुण. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असे कोणी म्हटले, तर ते मुक्कामाला आले आहेत असा अर्थ होतो. कोंकणीही ‘म्हाका दोन भाव आसात’ आणि ‘म्हजेकडेन गाडी आसा’ असा भेद पाळते. लॅटिनमध्ये ‘मला पुस्तक आहे’ अशा धर्तीची चतुर्थीची रचना होती. रशियन आजही ‘माझ्यापाशी आहे’ अशा वळणाने मालकी सांगते.

इंग्रजीत या सहाही वाक्यांना ‘हॅव’ हे एकच क्रियापद पुरते. शिकणाऱ्याला ही सोय वाटावी, पण तेथेच चूक दबा धरून असते. ‘आहे’ला ‘अॅम’ आणि ‘हॅव’ला ‘हॅविंग’ अशी सांगड घालून ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ असे वाक्य तयार होते. भारतभर ते ऐकू येते. इंग्रजीत चालू काळ घडत असलेल्या क्रियेसाठी राखीव आहे आणि भाऊ असणे ही क्रिया नव्हे, स्थिती आहे. ‘आय अॅम हॅविंग लंच’ मात्र निर्दोष आहे. तेथे ‘हॅव’चा अर्थ बाळगणे नसून जेवणे आहे. मुलाखतीत पहिल्याच वाक्याला होणारी ही चूक उमेदवाराची गुणवत्ता सांगत नाही, पण ऐकणाऱ्याचे मत मात्र बनवते.

‘हॅव गॉट’ हे ‘हॅव’चेच, विशेषतः ब्रिटिश बोलीत रुळलेले, अनौपचारिक रूप आहे. प्रश्न विचारताना ‘डू यू हॅव’ किंवा ‘हॅव यू गॉट’ यांपैकी कोणतेही चालते. दोहोंची सरमिसळ तेवढी टाळावी. औपचारिक पत्रात पहिले रूप अधिक शोभते.

याहून महत्त्वाचे हे, की ‘हॅव’ मालकी सिद्ध करत नाही. ‘आय हॅव युअर बुक’ या वाक्यात पुस्तक बोलणाऱ्याकडे आहे आणि मालक समोरचा आहे. निखळ मालकी सांगायची तर ‘ओन’ किंवा ‘बिलाँग टू’ हे शब्द आहेत. पहिल्यात मालक कर्ता असतो, दुसऱ्यात वस्तू कर्ता होते. ‘पझेस’ हा शब्द कायद्याच्या भाषेत बहुधा ताबा दर्शवतो, आणि ताबा व मालकी यांत किती अंतर असते, हे जमिनीचे कागद हाताळणाऱ्या कोणाही गोमंतकीयास सांगण्याची गरज नाही. घरात भाडेकरू राहतो, तेव्हा ताबा त्याचा आणि मालकी दुसऱ्याची असते. इंग्रजीत लिहिलेल्या कुळाच्या किंवा भाड्याच्या करारात या शब्दांची अदलाबदल होऊ देणे परवडणारे नाही.

तिचा, त्याची, आपला

सर्वनामांच्या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा अधिक माहिती देते. ‘तिचा भाऊ’ या दोन शब्दांत ‘ति’ मालकिणीचे लिंग सांगते आणि ‘चा’ भावाचे. इंग्रजीत ‘हर ब्रदर’ म्हणताना सर्वनाम केवळ मालकिणीकडे पाहते. फ्रेंच याच्या उलट, तेथे सर्वनाम मालकीच्या वस्तूचे लिंग घेते. मराठी भाषक घाईत ‘त्याची बहीण’ला ‘हर सिस्टर’ म्हणून जातो, तेव्हा त्याचे लक्ष बहिणीच्या लिंगावर गेलेले असते.

‘त्याने आपली गाडी विकली’ आणि ‘त्याने त्याची गाडी विकली’ हाही भेद इंग्रजीत पुसला जातो. ‘ही सोल्ड हिज कार’ या वाक्यात गाडी स्वतःची की दुसऱ्याची, हे कळत नाही. स्वतःचीच असे ठासून सांगायचे तर ‘हिज ओन कार’ म्हणावे लागते, आणि दुसऱ्याची असेल तर नाव घ्यावे लागते. तसेच ‘आमचे’ आणि ‘आपले’. पहिल्यात ऐकणारा वगळलेला असतो, दुसऱ्यात सामावलेला. इंग्रजीच्या ‘अवर’मध्ये हे अंतर उरत नाही. ‘आमची भाषा’ आणि ‘आपली भाषा’ यांतील आत्मीयतेचा फरक भाषांतरात हरवतो, तो येथे.

काही ठिकाणी मात्र इंग्रजीची बारकाई मराठीवर मात करते. ‘वडिलांचे छायाचित्र’ म्हणजे ज्यात वडील दिसतात ते, की जे वडिलांच्या मालकीचे आहे ते? इंग्रजीत ‘अ फोटोग्राफ ऑफ माय फादर’ म्हणजे वडील चित्रात आहेत. ‘फादर’ला अपॉस्ट्रॉफीसह ‘एस’ही जोडला, की छायाचित्र वडिलांच्या संग्रहातले ठरते. ‘ऑफ’ आणि ‘एस’ एकाच वेळी येणाऱ्या या रचनेला दुहेरी षष्ठी म्हणतात. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ हे तिचेच नित्याचे रूप. अनेक मित्रांपैकी एक, असा तिचा भाव आहे. म्हणून तेथे ‘ऑफ मी’ चालत नाही.

एका बिंदूचे मोल

इंग्रजी मृत्युपत्रात आपली ठेव ‘माय ब्रदर्स चिल्ड्रन’ना द्यावी असे लिहिले आहे, अशी कल्पना करावी. लिहिणाऱ्याला तीन भाऊ आहेत. ‘ब्रदर्स’मध्ये चिन्ह ‘एस’च्या आधी असेल तर एकाच भावाची मुले वारस ठरतात, नंतर असेल तर तिघांचीही. चिन्ह मुळीच नसेल तर निर्णय घेणारा माणूस हयात नसतो आणि विचारायला कोणी उरत नाही. अशा कागदावर सही करण्यापूर्वी तो वाक्यार्थ मराठीत मोठ्याने सांगून पाहावा. ‘भावाच्या’ की ‘भावांच्या’? मराठीचा अनुस्वार जेथे पडतो, त्यावरून इंग्रजी चिन्हाची जागा ठरते. शंका उरलीच, तर चिन्हावर विसंबून न राहता प्रत्येक वारसाचे नाव लिहावे.